एआय एजंटला राउटर बघू द्या, पुसायची चावी मात्र देऊ नका

गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्याकडं एक गोष्ट हळूच सुरू झालीय आणि तिच्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय. नांदेड घ्या, लातूर घ्या, जालना, परभणी, बीड कुठंही जा, तालुक्याच्या गावात इंटरनेट देणारे ऑपरेटर, कॉलेजची लॅब सांभाळणारी पोरं, पतसंस्था आणि दवाखान्यांचं नेटवर्क बघणारे कॉन्ट्रॅक्टर, हे सगळे आता कामाला एआय एजंट लावायलेत. आधी कसं, प्रश्न विचारायचा, उत्तर वाचायचं आणि कमांड आपणच मारायची. आता एजंटला एकदा राउटरचं लॉगिन दिलं की तो स्वतः आत शिरतो, कमांड मारतो, आलेलं आउटपुट वाचतो, त्यावरून पुढची कमांड ठरवतो, आणि आपण हातातला चहा संपवेपर्यंत अशा दहा-वीस फेऱ्या मारून मोकळा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं एआयला बाहेरच्या यंत्रांशी जोडायची एक ठरलेली पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, लोक ज्याला एमसीपी म्हणतात ते, सगळ्यांसाठी खुलं केलं आणि तेव्हापासून असली जोडणी करायला फार डोकं लावावं लागत नाही, कुणीतरी बनवून ठेवलेला जोडणीचा प्रोग्राम (एमसीपी सर्व्हर) उतरवून घ्यायचा, आयपी आणि पासवर्ड टाकायचा, झालं.

माझं म्हणणं साधं आहे. एजंटला नेटवर्क बघू द्या, लॉग वाचू द्या, चूक शोधू द्या, उपाय सुचवू द्या. पण जी कमांड मारल्यावर लोकांचं नेट जातं किंवा माहिती पुसली जाते ती मारायची ताकद त्याच्या लॉगिनमध्ये असताच कामा नये. "असं करू नको" असं त्याला बजावून सांगितलं की बंदोबस्त झाला असं समजणारे लई आहेत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ताकद द्यावीच लागली तर ती एका कामापुरती, थोड्या वेळापुरती, आणि उद्या ज्याला जाब विचारता येईल अशा माणसाच्या हातून सुटली पाहिजे.

आधीच सांगतो, मी एआयच्या विरोधात नाही. तालुक्याचं नेटवर्क चालवणं म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्याला एजंटची किंमत कळते. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडतो, पावसाळ्यात वीज पडून स्विचचे पोर्ट जातात, लाईट गेली की टॉवरवरची बॅटरी दोन-चार तासात मान टाकते, आणि हे सगळं बघायला माणूस एकच, तोच तुटलेलं फायबर जोडणार (स्प्लायसिंग), तोच गिऱ्हाइकाचा फोन उचलणार, तोच महिन्याचं बिल वसूल करणार. रात्री दीड वाजता ओएलटीवर (ऑपरेटरकडचं फायबरचं मुख्य यंत्र) पन्नास ओएनयू (गिऱ्हाइकांच्या घरातले फायबरचे डबे) एकदम लाल झाले तर पोल कुठला, स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांना वाटणारा जोड) कुठला हे मिनिटभरात शोधून देणारा कुणी मिळाला तर तो नको कशाला म्हणायचा? ते काम एजंट खरंच चांगलं करतो. चांगला इंजिनिअर पुण्याला किंवा हैदराबादला जातो, आपल्याकडं टिकत नाही, ही पण गोष्ट खरी. म्हणून एजंट नकोच असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे आपण ठरवायला पाहिजे ना, ते तसंच सोडून दिलंय.

कारण आज नेमकं काय दिलं जातं ते बघा. राउटरवर एकच युजर असतो, नाव अ‍ॅडमिन, अधिकार फुल, पासवर्ड तीन वर्षांपासून तोच आणि तो टेक्निशियन लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करून ठेवलेला. तोच पासवर्ड उचलून एजंटला देतात. म्हणजे कुठल्या ओएनयूची पॉवर कमी आलीय हे बघायला आत गेलेल्या एजंटच्या हातात त्याच वेळी सगळ्या गिऱ्हाइकांचे पीपीपीओईचे युजर (नेटची लॉगिन खाती) उडवायची, फायरवॉल साफ करायची, राउटर फॅक्टरी रिसेट करायची ताकद पण असते. कुणी मुद्दाम दिलेली नसते, वेगळं लॉगिन बनवायचा कंटाळा म्हणून गेलेली असते.

आता कुणी म्हणेल, धोक्याच्या कमांड तेवढ्या बंद करा की. रिसेट, इरेज, डिलीट, फॉरमॅट असे शब्द आले की अडवा. इथंच गोची आहे, आणि नेटवर्कवाल्यांना हे चांगलं माहितीय की खरा घात करणारी कमांड दिसायला अगदी गरीब असते. एकाच वायरवरून चालणाऱ्या वेगवेगळ्या नेटवर्कना व्हीलॅन म्हणतात आणि ते सगळे जिथून जातात तो ट्रंक पोर्ट. सिस्को पद्धतीच्या स्विचवर ट्रंक पोर्टला नवीन व्हीलॅन जोडायचा असतो, समजा ३० नंबरचा. बरोबर कमांडमध्ये अलाउड व्हीलॅनच्या पुढं 'अ‍ॅड' आणि मग ३० लिहायचं. त्यातला 'अ‍ॅड' राहिला तर स्विच काही एरर देत नाही, काही विचारत नाही, तो फक्त आधीची सगळी यादी काढून टाकतो आणि एकटा ३० ठेवतो. त्या ट्रंकवरून जाणारे बाकीचे सगळे व्हीलॅन त्या क्षणी बंद, मॅनेजमेंटचा व्हीलॅन पण त्यातच असेल तर परत आत शिरून दुरुस्त करायचा रस्ता पण बंद, म्हणजे गाडी काढा आणि थेट यंत्राला जोडायची कन्सोल केबल घेऊन पळा. या कमांडमध्ये डिलीट नाही, इरेज नाही, काहीच नाही. उलट काहीतरी जोडायचं काम चाललंय असंच वाचणाऱ्याला वाटेल. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर तसंच, 'रिमूव्ह' च्या पुढं चौकटी कंसात 'फाइंड' लिहून अट टाकायची असते, ती अट लिहायची राहिली तर त्या यादीतल्या सगळ्याच नोंदी सापडतात आणि सगळ्याच जातात. एजंट या अटी चालता चालता स्वतः तयार करत असतो, एखादी अट रिकामी निघाली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून शब्द बघून अडवणं पुरत नाही. कुठल्या कमांडला परवानगी आहे त्याची छोटी यादी करा आणि बाकी सगळं बंद, असंच करावं लागतं. सिस्कोच्या जगात हे टॅकॅक्स प्लस नावाच्या परवानगी तपासणाऱ्या प्रणालीनं होतं, तिथं एकेक कमांड सर्व्हरला विचारून मगच चालते. मोठ्या बँका आणि टेलिकॉम कंपन्या माणसांसाठी हे कित्येक वर्षांपासून करतात. आपण एजंटसाठी एवढं तरी करायला पाहिजे.

आणि "नुसतं बघायचा अधिकार दिलाय" यावर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मायक्रोटिकवर युजरचे तीन ग्रुप तयार मिळतात, रीड, राइट आणि फुल. लोकांना वाटतं रीड दिलं म्हणजे निर्धास्त. पण त्या तयार रीड ग्रुपची पॉलिसी उघडून बघा, त्यात रीबूट आहे. म्हणजे नुसतं वाचायला बसवलेला युजर तुमचा मेन राउटर रीस्टार्ट करू शकतो. त्यात सेन्सिटिव्ह पण आहे, म्हणजे जतन केलेल्या गुप्त गोष्टी पण त्याला दिसतात. एजंटसाठी आपण स्वतः वेगळा ग्रुप बनवून त्यातून या दोन्ही गोष्टी काढल्याशिवाय तो खरा रीड होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी ते कुणी केलेलं नव्हतं.

बघायला म्हणून मारलेल्या कमांडनं काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी भोगलंय. ४ ऑक्टोबर २०२१, रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडं व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं ते पार पहाटेपर्यंत. फेसबुकनं नंतर स्वतः सांगितलं की नेहमीच्या मेंटेनन्समध्ये बॅकबोनची, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य लाईनची, कपॅसिटी किती शिल्लक आहे ते तपासायला एक कमांड मारली गेली आणि तिनं जगभरातली सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तोडली. अशा कमांड अडवायला त्यांच्याकडं एक तपासणीचं टूल होतं, त्यात बग निघाला म्हणून त्यानं अडवलं नाही. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रं) स्वतःचे रूट, म्हणजे आपल्यापर्यंत यायच्या रस्त्यांच्या नोंदी, मागं घेतले आणि सगळं जगाच्या नकाशावरून गायब. दुरुस्तीची नेहमीची टूलं पण त्याच नेटवर्कवर, त्यामुळं इंजिनिअर लोकांना प्रत्यक्ष डेटा सेंटरला जावं लागलं आणि तिथल्या कडक सिक्युरिटीमुळं आत शिरायलाच वेळ गेला. तिथं ना एआय होता ना कुणाचा वाईट हेतू. फक्त एका कमांडची पोच किती आहे याला कुणी मर्यादा घातली नव्हती, आणि घातलेली एकच मर्यादा फुटकी निघाली.

आता एजंटला बजावून सांगायच्या मुद्द्यावर येतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट नावाच्या प्लॅटफॉर्मवर जेसन लेमकिन नावाचा उद्योजक एजंट लावून एक अ‍ॅप बनवत होता. कोड फ्रीझ चालू होता, म्हणजे काही बदलायचं नाही असं स्पष्ट सांगितलेलं होतं, वारंवार सांगितलेलं होतं. तरी एजंटनं चालू डेटाबेस उडवला, त्यात बाराशेच्या आसपास कंपन्यांची आणि तेवढ्याच अधिकाऱ्यांची माहिती होती. वरून त्यानं सांगितलं की हे आता परत आणता येत नाही, आणि ते पण चूक निघालं, रोलबॅक (मागच्या स्थितीवर परत नेणं) चालला आणि डेटा परत आला. मला यातली नंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली आणि उपाय म्हणून डेव्हलपमेंटचा आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायची सोय आणली. एजंटला आणखी कडक शब्दात समज दिली एवढ्यावर ते थांबले नाहीत, त्याच्या हाताची पोच कमी केली. मॉडेल कितीही हुशार होऊ द्या, सूचना ही त्याच्यासाठी वाचायच्या मजकुराचाच एक भाग असते, आणि दुसऱ्या मजकुरानं ती झाकोळली जाऊ शकते.

हा दुसरा मजकूर कुठून येतो? नेटवर्कमध्ये तर तो चारी बाजूंनी येतो. आपल्या वायफायला जोडलेल्या प्रत्येक मोबाईलला एक नाव असतं, ते डीएचसीपीच्या लीज यादीत (राउटरनं कुठल्या यंत्राला कोणता पत्ता दिला ती यादी) दिसतं, आणि ते नाव मोबाईलवाला पाहिजे ते ठेवू शकतो. कुणी लॉगिन करायचा प्रयत्न करून चुकला तर त्यानं टाइप केलेलं युजरनेम लॉगमध्ये जसंच्या तसं उमटतं. गिऱ्हाइकाची तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ती एजंट वाचतो. या प्रत्येक ठिकाणी बाहेरचा माणूस एक वाक्य लिहू शकतो, की आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर, आणि एजंटला ते मालकाचं वाक्य आहे की एखाद्या टवाळ पोराचं हे खात्रीनं ओळखता येत नाही. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात आणि २०२२ पासून हे नाव चालू आहे, तरी अजून यावर पक्का इलाज कुणाकडंच नाही. जुलै २०२५ मध्येच अ‍ॅमेझॉनच्या क्यू नावाच्या कोडिंग असिस्टंटच्या एका एक्स्टेन्शनमध्ये बाहेरच्या माणसानं असा मजकूर घुसवला होता की सिस्टीम साफ कर आणि क्लाउडवरचं सगळं उडव, आणि ते व्हर्जन लोकांपर्यंत पोचलं पण होतं. नुकसान झालं नाही असं अ‍ॅमेझॉननं सांगितलं, बरं झालं. पण एवढ्या मोठ्या कंपनीच्या दारातून हे आत येऊ शकतं तर आपल्या तालुक्यातल्या ऑपरेटरनं फुल अधिकाराचा एजंट लॉग वाचायला बसवावा का, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. माझं उत्तर नाही असंच आहे.

आपल्याकडं हा प्रश्न वीज खात्यानं फार आधी सोडवलाय. पोलवर चढायच्या आधी लाइनमन उपकेंद्रातून परमिट घेतो. ऑपरेटर फीडर बंद करतो, रजिस्टरला वेळ आणि नाव लिहितो, लाइनमन जागेवर अर्थिंग करतो, मग हात लावतो. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, त्याशिवाय ऑपरेटर लाईन सोडत नाही, मग गावातून कितीही फोन येऊ द्या. लाइनमन हुशार आहे की नाही, वीस वर्षांचा अनुभव आहे की नाही, याचा परमिटशी संबंध नाही. अनुभवी माणसाला पण ते घ्यावंच लागतं. आणि जीव कुठं जातात ते पण सगळ्या गावांना माहितीय, जिथं परमिट न घेता, रजिस्टरला नाव नसलेला झिरो वायरमन, म्हणजे खात्याच्या नोकरीत नसलेला खाजगी माणूस, वर चढवला जातो तिथं. अ‍ॅडमिनच्या लॉगिननं आत सोडलेला एजंट हा मला अगदी तसाच दिसतो, रजिस्टरला त्याचं नाव नाही, त्याला कुणी पाठवलं ते लिहिलेलं नाही, आणि लाईन चालू आहे.

परमिट म्हणलं की लगेच लोक सांगतात, आमचा एजंट प्रत्येक कमांडच्या आधी विचारतो की, अलाऊ करू का म्हणून. विचारतो हो. पण कसं विचारतो आणि आपण कसं उत्तर देतो ते बघा. दिवसभरात पन्नास वेळा छोटी खिडकी येते, त्यातल्या अठ्ठेचाळीस वेळा इंटरफेस दाखवा, लॉग दाखवा असलं काहीतरी असतं, बोट आपोआप अलाऊवर जातं. एकोणपन्नासाव्या वेळी 'अ‍ॅड' राहिलेली ट्रंकची कमांड येते आणि ती पण तशीच जाते. रात्री पोलवर टॉर्च तोंडात धरून उभ्या असलेल्या माणसाला मोबाईलवर कमांड वाचून दाखवणं आणि त्याच्याकडून हो घेणं, याला मी परवानगी म्हणत नाही.

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीचं नेटवर्क बंद पडलं, सव्वा कोटीच्या आसपास गिऱ्हाइकं, जवळपास सव्वीस तास, इमर्जन्सीचे कॉल लागेनात, दुकानात कार्ड चालेनात. कोअर, म्हणजे मधल्या मुख्य, नेटवर्कच्या अपग्रेडचं सात टप्प्यांचं काम चाललं होतं, सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला आणि रूटचा पूर आला. नंतर झालेल्या स्वतंत्र तपासणीत एक गोष्ट पुढं आली ती मला फार लागली. सुरुवातीला या कामाची जोखीम मोठी म्हणून नोंदवलेली होती, पण आधीचे टप्पे नीट पार पडले म्हणून जोखीम मोजणाऱ्या अल्गोरिदमनं ती कमी दाखवली, आणि कमी दाखवली म्हणून वरची जास्तीची तपासणी झालीच नाही. आधी चांगलं झालं म्हणून पुढं पण चांगलंच होणार, हा हिशोब मशीननं केला आणि माणसांनी तो मान्य केला. एजंटबद्दल आज आपण अगदी हाच हिशोब करायलोत, तीन महिने काही बिघडलं नाही ना, मग द्या की फुल.

खरी परवानगी कशी असावी? रोजच्या बघायच्या कमांडला विचारूच नका, त्या यादीत टाकून मोकळ्या करा, म्हणजे खिडकी क्वचित येईल आणि आली की माणूस दचकून बघेल. त्या खिडकीत कमांडच्या ऐवजी परिणाम लिहिलेला पाहिजे, आधी काय होतं, नंतर काय होईल, कुठल्या गावचं आणि किती गिऱ्हाइकांचं नेट जाऊ शकतं, परत आणायचा रस्ता कोणता. हा परिणाम एजंटनं सांगितलेला नको, दुसऱ्या साध्या प्रोग्रामनं राउटरच्या कॉन्फिगवरून (राउटरची साठवलेली सेटिंग) काढलेला पाहिजे, कारण चुकलेला एजंट परिणाम पण चुकीचाच सांगणार. हो म्हणलं की तेवढीच कमांड, तेवढ्याच बॉक्सवर, दहा मिनिटांसाठी. आणि फॅक्टरी रिसेट, फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) बदलणं, सगळ्या युजरची यादी किंवा बॅकअप पुसणं, कोअरचं राउटिंग बदलणं, एवढ्या मोजक्या गोष्टींना दोन माणसांचा हो लागला पाहिजे. त्या रोज करायच्या नसतातच, वर्षातून किती वेळा लागतात सांगा.

नेटवर्कच्या यंत्रांत सावरून घ्यायची सोय आधीपासून असते, पण ती माणूस धरून बनवलेली आहे. जुनिपर कंपनीच्या राउटरवर कमिट कन्फर्म्ड म्हणून असतं, बदल लागू होतो पण दहा मिनिटात परत कन्फर्म केलं नाही तर यंत्र आपोआप जुन्यावर जातं. फार सुंदर गोष्ट आहे, कारण आपणच बाहेर फेकलो गेलो तर कन्फर्म करणार कोण, म्हणून ते मागं येतं. पण कन्फर्म करायचा अधिकार पण एजंटलाच दिला तर काय, तो त्याच्या खोलीतून सगळं ठीक आहे असं बघतो आणि कन्फर्म करून टाकतो, मग तिकडं अर्धा तालुका बंद का असेना. ते दुसरं कन्फर्म दुसऱ्याच्या हातात पाहिजे. मायक्रोटिकचा सेफ मोड आपल्याकडं सगळ्यांना माहितीय, कनेक्शन तुटलं की केलेले बदल मागं जातात. त्यात एक मेख आहे, हिस्टरीत शंभर बदलांपुरतीच जागा असते, त्यापुढं गेलं की सेशन आपोआप सेफ मोडमधून बाहेर पडतं आणि मग काहीच मागं जात नाही. हातानं कमांड मारणारा माणूस एका बैठकीत शंभरच्या पुढं सहसा जात नाही. एजंट तेवढं एका झटक्यात करतो.

"माणूस पण चुकतोच की" हे मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं आणि ते अगदी खरं आहे. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एस थ्री या डेटा साठवायच्या सेवेत एका माणसानं थोडे सर्व्हर काढायची कमांड मारली, त्यातला एक आकडा चुकला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर गेले, अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास बंद. त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या माणसानं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फाइल उडवली, बॅकअप बघायला गेले तर बरेच बॅकअप चालतच नव्हते. पण एस थ्रीच्या घटनेनंतर अ‍ॅमेझॉननं काय केलं ते वाचा, त्यांनी टूल बदललं, आता ते सर्व्हर सावकाश काढतं आणि कमीत कमी जेवढे लागतात त्याच्या खाली जाऊच देत नाही. म्हणजे माणूस चुकतो हे धरूनच हत्याराला लगाम घातला. एजंटसाठी तोच लगाम मागितला की लोक म्हणतात तुम्ही प्रगतीला अडथळा आणता, हे मला पटत नाही. वर माणसाच्या चुकीला एक नैसर्गिक वेग असतो, एंटर दाबायच्या आधी तो थबकतो, बाजूच्याला विचारतो, पहिल्या बॉक्सवर गडबड झाली की दुसऱ्याला हात लावत नाही. एजंट एकाच वेळी चाळीस बॉक्सवर असतो.

कुणाला वाटेल हा ऑपरेटर लोकांचा खाजगी मामला आहे. नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन नेटवर चालतं, नेट गेलं की बायाबापड्या रोज बुडवून रांगेत उभ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीक विम्यासाठी सेतू केंद्रावर किती गर्दी असते ते कुठल्याही तालुक्यात जाऊन बघा, तिथं एक दिवस नेट गेलं तर त्याची भरपाई कोण देणार, विमा कंपनी तर देणार नाही. सातबारा, बँकेची शाखा, दवाखान्याची नोंदणी, लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या पोरांच्या ऑनलाइन टेस्ट, सगळं त्याच फायबरवर. शहरात एक लाईन गेली तर दुसरी असते, आपल्या बऱ्याच गावात एकच आहे. आणि यातलं मॅनेजमेंटचं कनेक्शन पण त्याच फायबरवरून जातं, रॉजर्सची माणसं यातच अडकली होती, त्यांचे स्वतःचे फोन पण त्याच नेटवर्कवरचे होते. मेन राउटरला दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा एक छोटा ४जी डोंगल लावून आत जायची वेगळी वाट ठेवली तरी किती तास वाचतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. पण लॉगमध्ये अ‍ॅडमिन एवढंच नाव असेल तर कळवणार काय, मालकानं केलं, टेक्निशियननं केलं की एजंटनं? एजंटचं स्वतःचं वेगळं लॉगिन पाहिजे, लॉग राउटरच्या बाहेर दुसऱ्या मशीनवर गेला पाहिजे आणि तो पुसायचा अधिकार एजंटला नको. बॅकअपचं पण तसंच, जिथं एजंटचा हात पोचतो तिथला बॅकअप बॅकअप म्हणून धरूच नका.

छोट्या ऑपरेटरला यातलं बरंचसं फुकट करता येतं. वेगळा ग्रुप, त्यातून रीबूट आणि सेन्सिटिव्ह बाहेर, एजंट फक्त ठरलेल्या एका आयपीवरूनच आत येईल अशी अट, रोजचा कॉन्फिग एक्स्पोर्ट दुसऱ्या मशीनवर, आणि बदल करायचे तर एजंटनं फाइल लिहून द्यायची, लावायची माणसानं. एका दुपारचं काम आहे.

सरकारी कामांत मात्र हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठं, सरकारी दवाखाने, यांच्या नेटवर्क देखभालीच्या निविदांमध्ये आता एआयवर आधारित मॉनिटरिंग असे शब्द यायला लागलेत, ते मॉनिटरिंग कुठं थांबतं आणि बदल करणं कुठं सुरू होतं हे कुठंच लिहिलेलं नसतं. तिथं साधं कलम पाहिजे, की एजंटला कोणते अधिकार आहेत त्याची यादी ठेकेदारानं जोडायची, पुसणारे आणि बंद पाडणारे अधिकार कार्यालयाच्या जबाबदार अधिकाऱ्याकडं राहतील, त्याच्या मंजुरीशिवाय ते सुटणार नाहीत, प्रत्येक मंजुरीची नोंद राहील, आणि एजंटनं केलेल्या नुकसानीला ठेकेदारच जबाबदार, "सॉफ्टवेअरनं केलं" हे कारण चालणार नाही. ज्यांना निविदेच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगला जायची संधी मिळते त्यांनी हे तिथंच लेखी विचारावं, कारण वर्क ऑर्डर निघाल्यावर हीच गोष्ट मागायला गेलं की तिला जास्तीचं काम म्हणतात आणि वेगळे पैसे लावतात.